मुलांना आधी आपला मुलूख कळू द्या

इतिहास म्हणजे सनावळी आणि भूगोल म्हणजे नावांची यादी, ही समजूत आपल्या प्राथमिक शाळांत खोलवर रुजली आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तिसरी ते पाचवीपर्यंत परिसर अभ्यास एकात्म ठेवला. २०२४ साली केंद्रीय पाठ्यपुस्तकांत सहावीचे इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र एकाच पुस्तकात आले. पाऊल स्तुत्य आहे. परंतु पुस्तकाची बांधणी एक झाल्याने विषय एक होत नाहीत. त्यांचा सांधा मुलाच्या गावातच जुळावा लागतो, आणि त्याची निकड बेळगाव-निपाणी सीमाभागाइतकी अन्यत्र क्वचितच असेल.

खानापूर तालुक्याचेच पाहा. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते. त्याच तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे उतरून आमच्या गोव्याची मांडवी होते. हा जलविभाजक ज्या मुलाला एकदा उमगला, त्याला पाण्याचा तंटा का पेटला आणि २०१० साली लवाद का नेमावा लागला, हे निराळे सांगावे लागणार नाही. याच तालुक्यातील नंदगड येथे १८३१ साली संगोळ्ळी रायण्णाला फाशी झाली. राणी चन्नम्माच्या कित्तूरचा हा वीर मराठी मुलांनाही आपला वाटावा, अशीच ही भूमी आहे.

निपाणीचा धडा याहून ठसठशीत आहे. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील काळी जमीन, तीत पिकणारी विडीची तंबाखू, तिच्यावर उभी राहिलेली बाजारपेठ आणि शेजारून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग, हा झाला भूगोल. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी भावासाठी याच महामार्गावर ठाण मांडले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी प्राणास मुकले, हा झाला इतिहास. पहिल्यावाचून दुसरा समजणे अशक्य आहे.

खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दर १ नोव्हेंबरला एकाच शहरात कोणी राज्योत्सव साजरा करतो, तर कोणी काळा दिन पाळतो. दहा वर्षांचे मूल हे दोन्ही पाहते, आणि शाळेने मौन धरले की उत्तर रस्त्यावरून घेते. वर्गात सीमाप्रश्न आणल्यास तेढ वाढेल, असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. नद्या निसर्गाने वाहविल्या आणि राज्यांच्या सीमा माणसांनी आखल्या, एवढे साधे सत्य मुलांना शिकविण्याने कोणाचाही दावा दुबळा होत नाही. द्वेषाची धार मात्र बोथट होते.

महाराष्ट्रात तिसरीच्या मुलांसाठी प्रत्येक जिल्ह्याचे स्वतंत्र परिसर पुस्तक काढण्याचा प्रघात पडला आहे. तोच धागा पुढे नेऊन खानापूर, बेळगाव व निपाणी या भागांसाठी मराठी आणि कानडी अशा दोन्ही भाषांत एकच मजकूर असलेली छोटी पुस्तिका कर्नाटक शासनाने काढावी, असे आम्हांस वाटते. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे घटनेचे कलम ३५०-अ राज्यांना सांगतेच. तीत नदी, माती, पीक, घाटवाट, किल्ला यांची ओळख असावी. १२०४ साली रट्टांच्या राजवटीत उभी राहिलेली बेळगावची कमल बस्ती आणि गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे १९२४ साली भरलेले काँग्रेस अधिवेशनही असावे. मजकूर दोन्ही भाषांच्या शिक्षकांनी एकत्र बसून लिहावा.

राज्ये आपापला दावा न्यायालयात मांडोत. मुलांना मात्र त्या निकालाची वाट पाहावयास लावू नये. त्यांचे शाळेचे वय तोवर थांबणार नाही.