९० वर्षांचा पट्टा, ३० वर्षांचा हक्क

थायलंडच्या फुकेत किंवा हुआ हिनमधल्या बंगल्यांच्या जाहिरातींत भाडेपट्ट्याच्या वर्षांचा ‘३० अधिक ३० अधिक ३०’ असा हिशोब मांडलेला असतो. मराठी वाचकाला तो पटतो, कारण त्याचा अनुभव वेगळा आहे. एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतो, सिडकोची जमीन साधारणपणे ६० वर्षांच्या. त्यावर बँक कर्ज देते, परवानगीने तो हक्क विकता येतो आणि पट्टेदाराच्या पश्चात वारसांच्या नावावर चढतो. थायलंडमध्ये मात्र साधा भाडेपट्टा हा जमिनीवरचा हक्क मानला जात नाही. तो मालक आणि पट्टेदार या दोन व्यक्तींमधला करार असतो. तिथे पैसे गुंतवणाऱ्यांच्या बहुतेक अपेक्षाभंगांचे मूळ या एका फरकात आहे.

थायलंडच्या १९५४ च्या जमीन संहितेनुसार परदेशी व्यक्तीला, अगदी मोजके अपवाद सोडले तर, जमिनीची मालकी मिळत नाही. भाडेपट्टा घेणे मात्र पूर्ण कायदेशीर आहे. दिवाणी व व्यापारी संहितेच्या कलम ५४० ने त्याची कमाल मुदत ३० वर्षे ठरवली आहे आणि करारात याहून मोठी मुदत लिहिली, तर ती आपोआप ३० वर आणली जाते. मुदत संपल्यावर नूतनीकरण होऊ शकते, पण ते त्या वेळच्या मालकाच्या संमतीने आणि नव्या नोंदणीने. यावर विक्रेत्यांचे उत्तर ठरलेले असते: नूतनीकरणाचे कलम करारातच आहे, मालकाची सही आहे. सही असली, तरी न्यायालये त्या कलमाकडे मूळ मालकाने दिलेले व्यक्तिगत वचन म्हणून पाहतात. दरम्यान जमीन विकली गेली, तर नव्या मालकावर ते बंधनकारक ठरत नाही. तीस वर्षांत जमीन एकाच्याच हाती राहील, हे कोणी गृहीत धरू नये.

याच्या अगदी उलटा गैरसमजही तितकाच पसरलेला आहे: परदेशी माणसाला संरक्षणच नाही, मालकाने जमीन विकली की बाहेर पडावे लागते. हे खरे नाही. कलम ५६९ नुसार विक्रीमुळे पट्टा संपत नाही. चालू मुदतीपुरत्या जुन्या मालकाच्या जबाबदाऱ्या नव्या मालकावर येतात, आणि हे संरक्षण भक्कम आहे. अट एकच, नोंदणीची. तीन वर्षांहून अधिक मुदतीचा पट्टा भूमी कार्यालयात नोंदवला नाही, तर कलम ५३८ प्रमाणे तो तीनच वर्षांपुरता बजावता येतो. नोंदवलेल्या पट्ट्याचा उल्लेख ‘चानोत’ या मालकी दस्तावर होतो. एकूण भाड्याच्या सुमारे १.१ टक्के इतके नोंदणी व मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी कागद घरातच ठेवणारा माणूस आपली सत्तावीस वर्षे गमावून बसतो.

मृत्यूचा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. पट्टा व्यक्तिगत असल्यामुळे पट्टेदाराच्या निधनाने तो साधारणपणे संपतो. वारसांना तो चालू राहावा यासाठी करारात स्पष्ट तरतूद हवी आणि तिच्यावरही वाद होऊ शकतो. म्हणून जाणकार वकील पट्ट्याच्या जोडीला ‘सुपरफिशीज’, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या मालकीचे घर ठेवण्याचा हक्क, नोंदवायला सांगतात. वेगळे काही ठरलेले नसेल, तर तो वारसांकडे जातो. २०१९ च्या एका कायद्याने जमीनमालकाला ३० वर्षांपर्यंतचा, विकता येणारा, गहाण ठेवता येणारा आणि वारशाने जाणारा हक्क निर्माण करण्याची सोय दिली आहे. आपल्या कल्पनेतल्या पट्ट्याच्या तो बराच जवळचा आहे, पण मुदत तिथेही तीसच.

एवढ्या खटाटोपापेक्षा थाई भागीदारांच्या नावाने कंपनी काढून जमीनच घ्यावी, असाही सल्ला मिळतो. तो सर्वांत घातक आहे. नावापुरते भागधारक पुढे करून घेतलेली जमीन विकून टाकण्याचा आदेश निघू शकतो आणि नाव उसने देणाऱ्यालाही तुरुंगवासाची तरतूद आहे. वाद झाला, तर आपला खरा व्यवहार न्यायालयात सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देणे. नोंदवलेल्या पट्ट्याचा धारक निदान ३० वर्षे तरी न्यायालयात उघडपणे उभा राहू शकतो. तेव्हा किंमत ठरवताना त्याच ३० वर्षांनी भागाकार करावा आणि पुढच्या ६० वर्षांसाठी एक बाथही आगाऊ देऊ नये.