माझा पीसी रात्री काय करतो?

‘‘अरे, तू झोपलास तरी तुझं हे डबडं का चालू असतं?’’

२००५ मध्ये हा प्रश्न मला रोज सकाळी दात घासताना ऐकू यायचा. पुण्यात कर्वेनगरला आम्ही तिघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. नवी नोकरी आणि पहिल्या दोन पगारांतून असेंबल करून घेतलेला पीसी. पेंटियम फोर, तीन गिगाहर्ट्झ! त्या काळी असा आकडा सांगितला की समोरचा गप्प व्हायचा. आणि हा पठ्ठ्या रात्रभर काय करायचा, तर एलियन शोधायचा!

हसू नका. ‘सेटी अ‍ॅट होम’ हा बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा प्रोजेक्ट मे १९९९ मध्ये सुरू झाला होता. प्वेर्तो रिकोमधल्या अरेसिबोच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या सिग्नल्सचे छोटे तुकडे करायचे, ते जगभरच्या लोकांच्या कॉम्प्युटरवर पाठवायचे आणि आपला पीसी रिकामा असेल तेव्हा त्याने ते तपासून परत द्यायचे. बदल्यात मिळतं काय? क्रेडिट. म्हणजे नुसते पॉइंट्स. पैसे नाहीत, कूपन नाही, काही नाही. तरी पन्नास लाखांहून जास्त लोक यात सामील झाले.

आता पॉइंट्स आले म्हणजे स्पर्धा आलीच. माझा रूममेट कोल्हापूरचा. त्याने अ‍ॅथलॉन ६४ घेतला, ‘३२००+’ नावाचा. प्रत्यक्षात स्पीड फक्त दोन गिगाहर्ट्झ. मी त्याला जाम पिडलं. महिनाअखेरीला ज्याचं क्रेडिट कमी त्याने विजेचं बिल भरायचं, अशी पैज लागली. आणि बॉस, मी हरलो!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. बाबांचं बोट धरून चालणारं पोर बघा. त्याची पावलं भराभर पडतात, पण अंतर बाबाच जास्त कापतात. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पावलं किती. एका पावलात काम किती, हे त्यात येतच नाही. पेंटियम फोरच्या प्रेस्कॉट मॉडेलमध्ये एकेक सूचना ३१ टप्प्यांतून जायची, अ‍ॅथलॉन ६४ मध्ये साधारण १२. मध्येच अंदाज चुकला की पेंटियमची सगळी रांग रिकामी करून पहिल्यापासून सुरुवात.

पण मीही हट्टी. दुसऱ्या महिन्यात प्रोजेक्टच बदलला. ‘गिम्प्स’ नावाच्या प्रोजेक्टमध्ये प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधतात. तिथलं सॉफ्टवेअर जॉर्ज वोल्टमन यांनी पेंटियम फोरच्या एसएसई२ सूचनांसाठी अक्षरशः हाताने घासूनपुसून लिहिलेलं. तिथे माझ्या पेंटियमने अ‍ॅथलॉनला धुतला. म्हणजे ‘कुठला प्रोसेसर भारी?’ या प्रश्नाला ‘कशासाठी?’ हेच उत्तर आहे. रूममेटने मग चिडून अ‍ॅथलॉन ओव्हरक्लॉक केला. पण सेटीवाले एकच तुकडा दोन-तीन जणांना देऊन उत्तरं ताडून बघायचे. याची उत्तरं जुळेनात. रात्रभर फॅन घरघरला आणि क्रेडिट शून्य!

हे सगळं टाइमपास म्हणूनच चाललं होतं. मग २००६ च्या गणपतीत सांगलीला घरी गेलो आणि आजीने मला विचारलं, ‘‘तुम्ही कुणाकडचे?’’

अल्झायमर हा शब्द आमच्या घरात त्या आठवड्यात पहिल्यांदा उच्चारला गेला. पुण्याला परतल्यावर मी एलियन बंद केले आणि ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ लावलं. स्टॅनफर्डमध्ये २००० साली सुरू झालेला हा प्रोजेक्ट शरीरातली प्रोटीन्स कशी घडी घेतात आणि ती घडी कुठे चुकते, याचं सिम्युलेशन करतो. अल्झायमर त्याच्या यादीत होताच. इथे गणित पुन्हा वेगळं. एक तुकडा पूर्ण झाला की त्याच्या उत्तरावरून पुढचा तयार होतो. म्हणजे तुमचा पीसी रेंगाळला तर पुढचं काम अडतं. माझ्या पेंटियमची डेडलाइन दोनदा हुकली. दोन्ही वेळा, खरं सांगतो, पैज हरल्यापेक्षा जास्त लागलं.

रूममेटने त्यानंतर बिलाचा विषय काढला नाही. एका रात्री उठलो तर त्याच्याही स्क्रीनवर फोल्डिंग चालू होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

जुलै २००६ मध्ये कोअर टू ड्युओ आला आणि गिगाहर्ट्झचा तोरा कायमचा उतरला. पेंटियम फोर ३.८ गिगाहर्ट्झला ११५ वॉटपर्यंत उष्णता ओकायचा. २.४ गिगाहर्ट्झचा कोअर टू ड्युओ ६५ वॉटमध्ये त्याला सहज मागे टाकायचा. तेव्हापासून मी एकच हिशेब बघतो. एका युनिट विजेत काम किती?

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना पेंटियम सापडला. प्लगला मीटर लावून चालवला. फुल लोडवर १५० वॉट. रोज चोवीस तास म्हणजे महिन्याला १०८ युनिट. युनिट दहा रुपयांनी धरलं तरी हजाराच्या वर. माझा सहा कोअरचा लॅपटॉप ४० वॉटमध्ये पेंटियमचं आठवड्याचं काम एका रात्रीत उरकतो. ‘जुना पीसी पडूनच आहे, लावून टाकू’ असं वाटत असेल तर प्लीज नको. त्या पैशांची एखाद्या संस्थेला देणगी द्या.

आणि आता प्रोसेसरचीही सद्दी उरलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये गिम्प्सला ४ कोटी १० लाखांहून जास्त अंकांची मूळ संख्या सापडली, ती ग्राफिक्स चिप्सच्या जोरावर. आधीची २८ वर्षं हा मान साध्या पीसींचा होता. सेटीने तर मार्च २०२० मध्ये नवीन काम पाठवणंच थांबवलं. त्याच महिन्यात कोविडमुळे फोल्डिंगवर इतके लोक तुटून पडले, की सगळ्यांच्या मशिन्सची मिळून ताकद एक एक्झाफ्लॉपच्या पुढे गेली. सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतकी गणितं! एलियन मिस करत असाल तर ‘आइन्स्टाइन अ‍ॅट होम’ बघा. तिथे अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांचा डेटा असतो. त्याच जातीची वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभारायला केंद्राने २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे.

फक्त ऑफिसच्या लॅपटॉपवर हे लावू नका. आयटीवाल्यांना समजावता समजावता नाकी नऊ येतील. घरच्या मशीनवर सेटिंगमध्ये निम्मेच कोअर द्या, मे महिन्यात तर नक्कीच.

आजी २००९ मध्ये गेली. माझ्या वर्क युनिट्सचा तिला काही उपयोग झाला नाही, होण्यासारखा नव्हताच. लॅपटॉप मात्र अजून रात्री साडेदहाला कामाला लागतो. परवा आई राहायला आली होती. टेबलावरचा चालू लॅपटॉप बघून म्हणाली, ‘‘बंद करू का रे हे?’’

म्हटलं, ‘‘राहू दे. सकाळपर्यंत होईल त्याचं.’’