शांतिसेनेत राष्ट्रे सैन्य का पाठवितात?

संयुक्त राष्ट्रसंघाला स्वतःचे सैन्य नाही. त्याच्या सनदेत ‘शांतिसेना’ हा शब्दही आढळत नाही. सुरक्षा समितीने ठराव केला, की सरचिटणीस सदस्य राष्ट्रांकडे सैनिकांची मागणी करतात. ती मान्य करण्याचे बंधन कोणावरही नाही. असे असता, ज्या भूमीशी आपले वैर नाही की सोयरीक नाही, तेथे एखादे राष्ट्र आपले जवान का धाडते?

पैशासाठी, असे उत्तर वरचेवर ऐकू येते. ते अगदीच खोटे नाही. राष्ट्रसंघ दर सैनिकामागे दरमहा ठराविक भरपाई देतो. अलीकडच्या वर्षांत ती १,४०० डॉलरहून अधिक आहे. ही रक्कम सैनिकाच्या नव्हे, त्याच्या सरकारच्या हाती पडते. १९७८ मध्ये लेबाननला सैन्य पाठविणाऱ्या चिमुकल्या फिजीला या मार्गाने रोजगार व परकीय चलन लाभले. परंतु सदस्यांची वर्गणी थकली, की भरपाईही थकते, आणि थकबाकीदारांत मोठी राष्ट्रेच पुढे असतात. भारताची भरपाईही अनेकदा अशी अडकून पडली आहे. केवळ पैशाचा हिशेब भारताच्या बाबतीत जुळत नाही.

कांगोचेच पाहा. १९६० मध्ये बेल्जियमपासून स्वतंत्र होताच या देशाचा खनिजसंपन्न कटांगा प्रांत फुटून निघाला. जानेवारी १९६१ मध्ये पदच्युत पंतप्रधान लुमुंबा यांची हत्या झाली. त्यानंतर पंडित नेहरूंच्या सरकारने एक संपूर्ण ब्रिगेड तेथे पाठविली. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल येथे, म्हणजे आजच्या लुबुंबाशीत, शत्रूने अडविलेला रस्ता मोकळा करताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. पुढल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. हिमालयात एकेका पलटणीची निकड असतानाही कांगोतील ब्रिगेड परत बोलाविली गेली नाही. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचे बंड मोडण्यात तिचा मोठा वाटा होता.

हा निर्णय निव्वळ परोपकाराचा म्हणता येणार नाही. नवस्वतंत्र देशाचा एक प्रांत परकीय भांडवलाच्या पाठबळावर फुटू शकतो, हा पायंडा भारतासारख्या बहुभाषिक राष्ट्राला परवडणारा नव्हता. शिवाय राष्ट्रसंघ मागे हटला असता, तर ती पोकळी अमेरिका व रशिया यांच्या चुरशीने भरून निघाली असती. लहानमोठ्या अलिप्त राष्ट्रांचा आवाज जेथे ऐकला जातो, ते व्यासपीठच त्यामुळे खचले असते.

प्रतिष्ठेचा लोभही आहेच. सुरक्षा समितीचे कायम सदस्यत्व मागताना भारत आपल्या शांतिसैनिकांचा दाखला देतो. ते सदस्यत्व अद्याप मिळालेले नाही. किंमत मात्र चुकवावी लागली आहे. १९६७ मध्ये इजिप्तच्या मागणीवरून गाझातील शांतिसेना माघारी निघाली असतानाच युद्ध पेटले आणि काही भारतीय जवान त्यात बळी पडले. २००० मध्ये सिएरा लिओनमधील कैलाहून येथे दोनशेहून अधिक शांतिसैनिक बंडखोरांच्या वेढ्यात सापडले. भारतीय सैन्याने जुलैमध्ये तो वेढा फोडला. तथापि नायजेरियाशी मतभेद विकोपाला गेल्याने भारताने त्याच वर्षी आपली तुकडी काढून घेण्याचे ठरविले.

१९९३ मधील सोमालिया व १९९४ मधील रवांडा येथील जीवितहानीनंतर पाश्चात्त्य राष्ट्रांनी आफ्रिकेतील अशा मोहिमांतून बव्हंशी अंग काढून घेतले. तेव्हापासून खर्चाचा मोठा भार श्रीमंत राष्ट्रे उचलतात आणि माणसे मुख्यतः आशिया व आफ्रिकेतून येतात. मोहिमेचे अधिकार व मर्यादा सुरक्षा समिती ठरविते. तेथे सैन्य पुरविणाऱ्या बहुतेक राष्ट्रांना आसन नसते. सैन्य मागण्यापूर्वी त्या राष्ट्राला निर्णयात सहभागी करून घ्यावे, अशी तरतूद सनदेच्या ४४ व्या कलमात आहे. भारत या कलमाची आठवण सुरक्षा समितीला करून देत आला आहे.