जे-१ व्हिसावर अमेरिकेला जाताय? दोन वर्षांची अट आधी समजून घ्या

मुलाला किंवा मुलीला अमेरिकेत रेसिडेन्सी, संशोधनाची जागा किंवा स्कॉलरशिप मिळाली की घरात आनंदीआनंद असतो. नातेवाइकांचे फोन येतात, स्थळंही येऊ लागतात. या गडबडीत व्हिसा कोणता, हे विचारायचं राहून जातं. तो जे-१, म्हणजे एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसा असेल, तर त्यासोबत एक अट असू शकते: कार्यक्रम संपल्यावर एकूण दोन वर्षं मायदेशात राहायचं. ही अट नेमकी काय आहे, ते आम्ही इथे सोप्या भाषेत सांगत आहोत.

अट कुणाला लागते?

सगळ्या जे-१ धारकांना ती लागत नाही. अमेरिकी इमिग्रेशन कायद्याच्या कलम २१२(ई) नुसार कारणं तीन आहेत. पहिलं, खर्चासाठी भारत किंवा अमेरिका सरकारचा पैसा मिळाला असेल, जसं फुलब्राइट. दुसरं, तुमचा विषय त्या देशाच्या 'स्किल्स लिस्ट'मध्ये असेल. तिसरं, डॉक्टर रेसिडेन्सी किंवा फेलोशिप करत असेल.

९ डिसेंबर २०२४ पासून स्किल्स लिस्टमध्ये भारताचं नाव नाही. केवळ या यादीमुळे ज्यांना पूर्वी अट लागली होती, तेही आता मोकळे झाले. पण सरकारी पैसा आणि डॉक्टरी प्रशिक्षण ही दोन कारणं कायम आहेत. डॉक्टरांना तर जाण्याआधीच आपल्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' आणावं लागतं, आणि त्यात परत येण्याची हमी असते.

काय अडतं?

दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत एच-१बी, एल, मंगेतराचा के व्हिसा आणि ग्रीन कार्ड मिळत नाही. अमेरिकी नागरिकाशी निकाह झाला म्हणून अट आपोआप सुटत नाही. फिरायला किंवा शिकायला जाण्याचा व्हिसा मात्र भारतातून मागता येतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. जे-२ व्हिसावर सोबत गेलेल्या बायको-मुलांनाही हीच अट लागते. म्हणून स्थळ पाहतानाच हे विचारून घ्यावं, त्यात संकोच कसला?

आखातातली वर्षं धरत नाहीत

आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांची दुबई, कुवेत, सौदीशी ये-जा आहे. "दोन वर्षं अब्बांकडे दुबईला नोकरी करतो, मग परत अमेरिकेला जातो," असा विचार कुणी करेल. तो चालणार नाही. दोन वर्षं आपल्या नागरिकत्वाच्या किंवा शेवटच्या कायदेशीर कायम वास्तव्याच्या देशातच काढावी लागतात. आखातातला नोकरीचा इकामा म्हणजे कायम वास्तव्य नव्हे. ही वर्षं सलग नसली तरी चालतात, बेरीज धरली जाते. मात्र मध्ये उमऱ्याला किंवा फिरायला गेलात तर ते दिवस त्यात मोजू नका. पासपोर्टवरचे शिक्के, पगाराच्या स्लिपा, भाडेकरार जपून ठेवा.

सूट मिळते का?

मिळू शकते, पण अर्ज करावा लागतो. मार्ग पाच आहेत:

१. भारत सरकारची हरकत नसल्याचं पत्र. यासाठी 'नोरी' प्रमाणपत्र लागतं. रेसिडेन्सी करणाऱ्या डॉक्टरांना हा मार्ग बंद आहे.
२. अमेरिकेच्या एखाद्या केंद्रीय सरकारी खात्याची शिफारस.
३. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला अथवा मुलाला असाधारण त्रास होणार असल्याचा पुरावा. नुसता विरह पुरेसा धरत नाहीत.
४. वंश, धर्म किंवा राजकीय मतामुळे मायदेशी छळ होण्याची भीती.
५. डॉक्टरांसाठी 'कॉनराड ३०'. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करायचं. दरवर्षी प्रत्येक राज्याला अशा ३० जागा मिळतात.

आधी काय तपासाल?

डीएस-२०१९ फॉर्म आणि व्हिसावरचा शेरा वाचा. पण तो शेरा अंतिम नसतो, चुकीचाही असू शकतो. शंका असेल तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून 'अ‍ॅडव्हायझरी ओपिनियन' मागता येतं. एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका, इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्या.

ही अट म्हणजे शिक्षा नव्हे. शिकून आलेलं ज्ञान मायदेशी यावं, हा तिचा हेतू. दोन वर्षं इथल्या दवाखान्यात किंवा कॉलेजात काम करायचं ठरलं असेल, तर तेही वाया जात नाही. फक्त हा निर्णय विमानात बसण्याआधी घरच्या सगळ्यांनी मिळून घ्यावा.