इंग्रजीतील तीव्रतादर्शक शब्द : अर्थाची झीज आणि अध्यापनातील प्रश्न

विशेषणाच्या किंवा क्रियेच्या अर्थाची मात्रा बदलणाऱ्या शब्दांचे, अर्थ चढविणारे आणि अर्थ उतरविणारे असे दोन मुख्य वर्ग रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ च्या बृहद्‌व्याकरणात मानले आहेत. वर्गीकरण उपयुक्त खरे. परंतु हे शब्द टिकत का नाहीत, हे त्यातून कळत नाही.

त्यासाठी शब्दांचा इतिहास पाहावा लागतो. जुन्या इंग्रजीत या कामी 'स्विथे' हा शब्द रूढ होता. 'बळाने' हा त्याचा मूळ अर्थ. आज तो लुप्त आहे. जुन्या फ्रेंचमधून आलेल्या 'व्हेरी'चा मूळ अर्थ 'खरा' असा होता. 'द व्हेरी मॅन' म्हणजे 'नेमका तोच माणूस' या प्रयोगात त्याची खूण उरली आहे. 'टेरिबली'च्या मुळाशी भय आहे, तरीही 'टेरिबली काइंड' ऐकून कोणी भीत नाही. (मराठीतील 'भयंकर आवडले' हा प्रयोग याच जातीचा.) सततच्या वापराने शब्दाची धार बोथट होते आणि नवा शब्द पुढे येतो. इतो आणि टॅग्लिअमाँटे यांच्या २००३ मधील अभ्यासात इंग्लंडमधील यॉर्क शहराच्या तरुण पिढीत 'रिअली'चा वापर वाढलेला आढळला. गंमत अशी की, 'रिअली'चा मूळ अर्थही 'खरोखर' असाच आहे.

अध्यापनात मात्र 'खूप म्हणजे व्हेरी' एवढ्यावरच भागविले जाते. त्यातून 'व्हेरी एक्सलंट'सारखे खटकणारे प्रयोग जन्मतात. वस्तुतः मराठी विद्यार्थ्याला ही गोष्ट परकी नाही. 'हिरवा'ला 'गार' आणि 'काळा'ला 'कुट्ट' लागते, त्यांची अदलाबदल होत नाही. त्याचप्रमाणे 'बिटरली' थंडीशी व निराशेशी, 'डीपली' कृतज्ञतेशी, तर 'हायली' संभाव्यतेशी जुळते. 'कुट्ट' म्हणजे काय, असे मराठी माणूस विचारत नाही. शब्द जोडीनेच शिकतो. इंग्रजी शब्दही तसेच शिकविणे इष्ट ठरेल.

'क्वाइट' या सर्वांत फसवा. 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे 'अगदी अशक्य'; पण ब्रिटिश वापरात 'क्वाइट गुड' म्हणजे बहुधा 'बऱ्यापैकी', तर अमेरिकन वापरात त्याचा कल 'चांगलाच' या अर्थाकडे असतो. शिफारसपत्रात प्राध्यापकाने 'चांगलाच' या भावनेने 'क्वाइट गुड' लिहावे आणि ब्रिटनमधील निवड समितीने त्यातून 'बेताचा' असा अर्थ घ्यावा, हे सहज संभवते.