नव्या होडीची सवय

(तृतीय वर्ष कला, भूगोल)

रत्नागिरीत समुद्र सर्वांनाच दिसतो. पण तो पाठीमागून ढकलू लागला म्हणजे कसा लागतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आपल्यापैकी कितीतरी जण भाट्याच्या पुलावरून रोज ये-जा करतात, संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर बसतात आणि काजळीच्या खाडीतून नाळ उंच करून सुसाट बाहेर पडणारी एखादी पांढरी फायबरची होडी पाहून “काय मजा असेल!” असे म्हणतात. मजा आहेच. परंतु ती अंगवळणी पडण्यापूर्वी काय काय शिकावे लागते, आणि त्याहीपेक्षा काय काय विसरावे लागते, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या घरची जुनी होडी लाकडी, उलांडीची. उलांडी म्हणजे होडीच्या एका अंगाला दोन आडव्या दांड्यांनी जोडलेला लाकडाचा ओंडका. त्याच्यामुळे अरुंद होडीही सहसा कलंडत नाही. वल्हे आणि शीड एवढ्यावर आजोबांनी, म्हणजे आमच्या आबांनी, उभा जन्म काढला. गेल्या वर्षी काकांनी कर्ज काढून १८ फुटी फायबरची होडी घेतली आणि तिच्या पिछाडीला ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन बसवले. हप्ता दरमहा भरावयाचा, म्हणून होडी चालवणारे हात दोनाचे चार व्हावेत असे ठरले आणि सुटीच्या दिवसांत चाकावर बसण्याची पाळी माझ्यावर आली.

होडीच्या पाठीवर टांगावयाचे हे इंजिन तसे नवे नाही. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली आपले आउटबोर्ड इंजिन तयार केले. आपल्याकडे मासेमारीच्या होड्यांना यंत्र बसवण्याच्या कामाला केरळातील १९५३ च्या इंडो-नॉर्वेजियन प्रकल्पाने मोठी चालना दिली. तिकडे अमेरिकेत बास नावाचा मासा गळाने पकडण्याच्या हौसेपायी होड्यांची एक स्वतंत्र जातच निर्माण झाली. लुइझियानात १९४८ साली होम्स थर्मंड यांनी ‘स्कीटर’ ही तशी पहिली होडी बांधली. आज या जातीच्या होड्यांना २५० अश्वशक्तीपर्यंतची इंजिने असतात आणि त्या ताशी ११० किलोमीटरच्याही पुढे पळतात. गमतीची गोष्ट अशी की, आपल्या खाडीतल्या जिताड्याला इंग्रजीत ‘एशियन सीबास’ म्हणतात. तेव्हा आमच्या होडीचे त्या अमेरिकन होड्यांशी लांबचे का होईना नाते आहे! वेग त्यांच्या मानाने पुष्कळच कमी. पण चालवणाऱ्याला पडणारी कोडी तीच.

पहिले कोडे होडीच्या चालीचे. लाकडी होडी पाणी बाजूला सारीत जाते. अशा होडीला तिच्या लांबीने वेगाची मर्यादा घालून दिलेली असते. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला १.३४ ने गुणावे, म्हणजे ती मर्यादा साधारणपणे सागरी मैलांत मिळते. लांबी १६ फूट असेल तर उत्तर येते सुमारे साडेपाच सागरी मैल, म्हणजे ताशी १० किलोमीटर. त्यापुढे जोर लावला तर होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. फायबरच्या होडीचा तळ मागे सपाट असतो आणि इंजिनात जोर असतो, म्हणून ती हा चढ ओलांडून पाण्याच्या पाठीवर उठते आणि घसरत धावू लागते.

म्हणजे या एकाच होडीच्या चाली तीन. हळू जाताना ती जुन्या होडीसारखीच असते. वेगात उठली की हलकी होते. पण या दोहोंच्या मधली अवस्था वाईट. नाळ आकाशाकडे, पिछाडी पाण्यात रुतलेली, अंतराच्या मानाने पेट्रोल सर्वांत जास्त जाते, आणि चाकावर बसलेल्याला समोरचे पाणीच दिसत नाही. खाडीत समोर एखादी लहान होडी असली तर? म्हणून पहिला धडा असा, की आधी समोरचे मोकळे पाणी नीट पाहून घ्यावे, मग वेगाची मूठ ठामपणे पुढे न्यावी, आणि मधल्या अवस्थेत रेंगाळू नये.

होडी उठली की इंजिनाचा कोन सांभाळावा लागतो. पंख्याचे टोक होडीच्या अंगाला ओढून धरले तर नाळ खाली दबते. बाहेर काढले तर नाळ उचलते. निघताना आत आणि धावताना किंचित बाहेर, हा सर्वसाधारण नियम. टोक फार बाहेर काढले तर नाळ एकसारखी वर-खाली आपटू लागते. डॉल्फिनला आमच्याकडे गादा म्हणतात. त्या गाद्याच्या उड्यांसारखीच ही चाल. पाहणाऱ्याला ती शोभून दिसते; आत बसलेल्याच्या कमरेला विचारावे!

दुसरे कोडे सुकाणूचे. मोटारीसारखे चाक हाती असले तरी मोटारीची पुढची चाके वळतात, होडीचे ढुंगण वळते. डावीकडे चाक फिरवले की इंजिन पिछाडीला उजवीकडे ढकलते आणि नाळ डावीकडे येते. धक्क्याला लावताना नाळ सुटली म्हणून भागत नाही. पिछाडी कोठे फिरते आहे ते पाहावे लागते. याहून चमत्कारिक गोष्ट अशी की, गोंधळ वाटला म्हणजे रस्त्यावर आपण वेग सोडतो आणि गाडी ताब्यात येते. आउटबोर्डच्या होडीला वळवते ती पंख्याने मागे फेकलेली पाण्याची धार. मूठ एकदम सोडली की ती धार थांबते आणि चाक नुसते हातात राहते. शिवाय होडीला ब्रेक नाहीत. वेगातून एकाएकी थांबली तर आपणच मागे सोडलेली लाट धावत येऊन पिछाडीवरून आत शिरू पाहते. म्हणून वेग कमी करावयाचा तो टप्प्याटप्प्याने.

तिसरे कोडे वेळेचे, आणि माझ्या मते खरे कोडे हेच. आबांची होडी वल्ह्यांवर ताशी चार-साडेचार किलोमीटर जात असे, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर. नवी होडी ताशी ३६ किलोमीटरने गेली तर सेकंदाला १० मीटर जाते. समजा, १०० मीटरवर जाळ्याचा बोया तरंगतो आहे. आबांना तो पाहून विचार करावयास ८० सेकंद मिळत. मला मिळतात १०. त्यात बोया म्हणजे पुष्कळदा प्लास्टिकची रिकामी बाटली. सकाळच्या उन्हात चमकणाऱ्या पाण्यावर ती वेगळी ओळखू येणेही कठीण. पंख्यात जाळे गुंतले की दोन कुटुंबांचे नुकसान होते, जाळेवाल्याचे आणि आपले. समुद्र दोघांनाही सारखाच वाचावा लागतो, परंतु मला तो आठपट लवकर वाचावा लागतो. तेव्हा नजर होडीच्या नाळेवर ठेवून चालत नाही, ती दूर टाकावी लागते. पहिल्या आठवड्यात काका एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत, “काटा काय बघतोस, पाणी बघ!”

या घाईच्या होडीला आबांच्या सावकाश विद्येची गरज किती आहे, हे खाडीच्या मुखाशी कळते. काजळी नदी आपला गाळ समुद्रापाशी आणून टाकते, समुद्र आपली वाळू आत ढकलतो, आणि दोघांच्या भांडणातून मुखाशी वाळूचा दांडा तयार होतो. ओहोटीच्या वेळी थिबा पॉइंटवरून खाली पाहावे. पाण्याच्या बदललेल्या रंगावरून उथळ भाग कोठे आहे याचा अंदाज येतो. पावसाळ्यानंतर ही वाळू जागा बदलते, म्हणून गेल्या वर्षीची वाट यंदा चालेलच असे नाही. सुकतीचे पाणी जोराने बाहेर येत असले आणि समोरून समुद्राची लाट आत येत असली, की लाट आखूड व उभी होऊन दांड्यावर फुटते.

भाद्रपदातील दशमीच्या दिवशी आम्ही मासळी घेऊन दुपारी बाराच्या सुमारास मुखाशी आलो. आबांचा हिशेब तोंडपाठ होता: तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ येते. दशमीची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातला पूर्ण भरती आणि पावणेदोनच्या आसपास पूर्ण ओहोटी. आम्ही आलो होतो ते भर सुकतीत. दांड्यावर पांढरे पाणी दिसत होते. उशीर म्हणजे बाजार हातचा जाणे, आणि हप्त्याची तारीख तर जवळ आलेली. इंजिन नवे, जोर भरपूर. मुखातले ते अंतर एका मिनिटाचेही नव्हते. काकांनी होडी बाहेर खोल पाण्यात थांबवली, मासळीवर आणखी बर्फ घातला आणि डबा उघडला. तीन वाजून गेल्यावर, भरतीचे पाणी आत वळल्यावर, आम्ही निघालो. भाव पडला होता. घरी त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आबांनी फक्त “किती वाजता आत आलात?” एवढेच विचारले आणि वेळ ऐकून मान हलवली.

आत येण्याची रीतही सांगण्यासारखी आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो. खोली दोन मीटर असेल तर हा वेग सेकंदाला सुमारे साडेचार मीटर, म्हणजे ताशी १६ किलोमीटर येतो. आबांची होडी एवढी धावू शकत नसे, म्हणून लाट मागून येऊन तिला गाठत असे. पिछाडी लाटेला काटकोनात धरून ठेवणे एवढेच त्यांच्या हाती होते. नव्या होडीला लाटेबरोबर जाता येते. बाहेर थांबून लाटा मोजाव्यात. मोठ्या लाटांचा जथा जाऊ द्यावा. मग एक लाट निवडून तिच्या पाठीवर राहावे आणि तिच्याच वेगाने आत यावे. तिला ओलांडून पुढे उडी घेतली तर नाळ खालच्या पाण्यात रुतते आणि होडी आडवी फिरते; मागे रेंगाळले तर पुढची लाट पिछाडीवर येते. पंचाईत अशी की, ताशी १६ हा वेग आमच्या होडीच्या त्या वाईट मधल्या अवस्थेतलाच आहे. म्हणून मूठ एकसारखी थोडी पुढे, थोडी मागे करीत राहावे लागते. हे हाताला सांगून समजत नाही, पुष्कळ वेळा करूनच समजते. मी ते आधी शांत दिवशी, भरत्या पाण्यात, काका शेजारी असतानाच शिकलो.

इंजिनाचीही काही पथ्ये आहेत. नवे फोर-स्ट्रोक इंजिन पहिले दहा तास जपून चालवावे लागते. पहिल्या तासात तर त्याला फारसे पळवायचेच नाही. आतले भाग एकमेकांवर घासून बसतात, त्याला हा वेळ लागतो. मला वाटते, ही सवलत इंजिनाला असते तशीच चालवणाऱ्यालाही असावी. चालू इंजिनाच्या बाजूने पाण्याची बारीक धार पडत असते. ती दिसली म्हणजे इंजिन थंड राहते आहे असे समजावे. गाळात किंवा वाळूत ती अडली तर लगेच बंद करावे. घरी आल्यावर गोड्या पाण्याने आतले खारे पाणी धुऊन काढावे. पूर्ण वेगात असे इंजिन तासाला दहा-पंधरा लिटर पेट्रोल पिते, हेही कर्ज डोक्यावर असलेल्याने विसरू नये.

शेवटी एक लाल दोरी. तिचे एक टोक इंजिनाच्या बटणाला आणि दुसरे चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला लावतात. चालक पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि इंजिन बंद होते. ती नसली तर रिकामी होडी गोल फिरून पडलेल्या माणसाच्याच अंगावर येऊ शकते. अमेरिकेत लहान वेगवान होड्यांना ही दोरी १ एप्रिल २०२१ पासून कायद्याने बंधनकारक झाली. आपल्याकडे ती पुष्कळदा खिळ्याला टांगलेली दिसते. जीवरक्षक जॅकेटची कथाही तीच. ते बसायला मऊ लागते म्हणून बाकावर अंथरलेले असते!

आणखी एक सवय शिकावी लागते. तिचा संबंध आपल्या जिवाशी नाही, शेजाऱ्याशी आहे. ओहोटीला खाडीत कमरेइतक्या पाण्यात बायका मुळे काढीत असतात, लहान होड्या जाळे ओढीत असतात. आपल्या मागे उठलेली लाट आपल्याला दिसत नाही. त्यांना ती लागते. म्हणून आम्ही पुलापासून मुखापर्यंत हळूच जातो. तेवढ्याने दहा मिनिटे जास्त लागतात. त्या दहा मिनिटांत पाण्याचा रंग, बोये, वारा, वाळूची नवी जागा, सारे पाहून होते. म्हणजे ती वायाही जात नाहीत.

आता आबा नव्या होडीत क्वचित बसतात. इंजिनाचे बटण, कोन, काटे यांतले त्यांना काही समजत नाही आणि समजून घेण्याची त्यांची इच्छाही नाही. पण निघण्यापूर्वी तिथी कोणती, वारा मतलई आहे की समुद्रावरून सुटला आहे, आणि मुखाशी कालपासून काय बदलले, हे आम्ही त्यांनाच विचारतो. वेग विकत घेता आला. तो कधी वापरू नये हे मात्र घरातच शिकावे लागले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशी होडी येणार असेल, त्यांनी इंजिनाचे पुस्तक अवश्य वाचावे, आणि ते मिटल्यावर घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ घटकाभर बसावे.