जुन्या जीपच्या जीर्ण कमानी आणि त्यांची अल्पखर्ची दुरुस्ती

नागपूर व आसपासच्या जिल्ह्यांत जीप जातीच्या जुन्या गाड्या अद्याप कामावर आहेत. विलीज जीपची जोडणी मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली, आणि पुढील अनेक दशके तिचे निरनिराळे अवतार महिंद्र कंपनीने बाजारात आणले. १९८५ साली मारुती जिप्सी आली. तिचे नागरी ग्राहकांसाठीचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले. ताडोबा–अंधारी व पेंच येथील व्याघ्रप्रकल्पांतील पर्यटकवाहतूक दीर्घकाळ अशाच उघड्या गाड्यांवर अवलंबून राहिली आहे. या गाड्यांचे एक समान लक्षण असे की, त्यांचे पुढील व मागील दोन्ही आस अखंड असून ते चार कमानींवर तोललेले असतात. कमान म्हणजे पोलादी पाटे एकावर एक रचून केलेली स्प्रिंग. टांग्याखाली असणारी कमान याच तत्त्वावर चालत असे.

वर्षानुवर्षांच्या वापराने गाडी खाली बसते, एका बाजूस कलते, अथवा लहानशा खड्ड्यातही कडक धक्का देते. अशा वेळी ‘पाट्यांतील दम गेला’ असे निदान केले जाते, आणि त्यावर दोन उपाय सुचविले जातात : चारही कमानी नव्या घालणे, किंवा एकेक जादा पाटा चढविणे. पहिला उपाय खर्चाचा आहे; दुसरा स्वस्त असला तरी पुष्कळदा चुकीचा आहे. दोहोंच्या मुळाशी असलेली ‘दम जाण्याची’ कल्पना तपासून पाहिली असता दुरुस्तीचा निराळा आणि कमी खर्चाचा मार्ग दिसू लागतो.

१. दोषाचे खरे स्वरूप

पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे २०० गिगापास्कल असतो, आणि तो वयोमानाने कमी होत नाही. तीस वर्षे वापरलेला पाटा व नवा पाटा यांची जाडी, रुंदी व लांबी सारखी असेल, तर एकाच भाराखाली दोन्ही सारखेच वाकतील. म्हणजे जुन्या कमानीचा ताठरपणा आपोआप नाहीसा होत नाही. प्रत्यक्षात बदलतात त्या तीन गोष्टी.

पहिली गोष्ट आकाराची. मर्यादेबाहेर भार पडला म्हणजे पाट्यास थोडा कायमचा वाक येतो आणि त्याचा मूळ बाक उतरतो. गाडी खाली बसते ती या कारणाने.

दुसरी गोष्ट जाडीची. कमानीचा ताठरपणा पाट्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. गंजामुळे जाडी एकदशांशाने घटली, तर ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो आणि त्याच भाराखाली पाट्यातील प्रतिबल सुमारे २३ टक्क्यांनी वाढते. शिवाय गंजाने पडलेल्या खळग्यांपाशी प्रतिबल एकवटते, आणि वारंवार वाकण्याने तेथूनच तडा सुरू होतो.

तिसरी गोष्ट घर्षणाची. कमान वाकताना पाटे एकमेकांवर सरकणे आवश्यक असते. त्यांमध्ये माती व गंज साचला म्हणजे ते जणू एकाच जाड पट्टीसारखे वागतात. लहान धक्क्यास कमान हलतच नाही, आणि तो धक्का थेट सांगाड्यापर्यंत पोहोचतो. विदर्भातील काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात पाट्यांच्या फटींत शिरतो व नंतर वाळून घट्ट होतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा कमानीच्या डोळ्यांतील रबरी बुशही कडक होऊन चिरतात. हे बुश झिजले की आस किंचित मागेपुढे सरकू लागतो, आणि चालकास स्टिअरिंग सैल झाल्याचा भास होतो.

२. जादा पाटा का नको?

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका कमानीवर ३०० किलोग्रॅम भार आहे आणि तिचा ताठरपणा दर मिलिमीटरला ३ किलोग्रॅम आहे. ती १०० मिलिमीटर दबेल. तिचा बाक २५ मिलिमीटरने उतरला असेल, तर गाडी तेवढीच खाली दिसेल. आता जादा पाट्याने ताठरपणा एकपंचमांशाने वाढविला, तर कमान ८३ मिलिमीटर दबेल. गाडी १७ मिलिमीटर वर आली खरी; पण उतरलेला बाक तसाच राहिला. तिची नैसर्गिक आंदोलने मिनिटास सुमारे ९५ होती, ती १०४ च्या आसपास गेली. प्रवाशांस धक्के अधिक बसतील, आणि कमान टांगणाऱ्या आधारांवर व सांगाड्यावरही जादा ताण येईल. ज्या गाडीवर मूळ योजनेपेक्षा अधिक भार कायमचा वाहिला जातो, तिलाच जादा पाटा उचित होय.

३. तपासणी

तपासणीस खर्च जवळजवळ नाही. चाकांतील हवा सारखी करून गाडी सपाट जमिनीवर उभी करावी, आणि प्रत्येक चाकापाशी आस व सांगाडा यांमधील अंतर मोजून लिहून ठेवावे. त्यानंतर सांगाड्यास भक्कम टेकू देऊन कमान उतरवावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. सेंटर बोल्ट काढण्यापूर्वी पाटे मोठ्या पकडीत घट्ट धरणे अत्यावश्यक आहे, कारण दाबलेले पाटे सुटताच उसळतात.

पाटे वेगळे करून तारेच्या ब्रशने स्वच्छ करावेत व प्रत्येकाची जाडी मोजावी. तडा शोधण्याची जुनी व स्वस्त रीत अशी : पाट्यास रॉकेल लावून काही वेळ ठेवावे, नंतर तो पुसून कोरडा करावा व त्यावर खडूची पूड चोळावी. तडा असल्यास त्यात मुरलेले रॉकेल बाहेर येऊन पांढऱ्या पृष्ठावर रेघ उमटते. सेंटर बोल्टचे छिद्र, डोळ्यांचा मुळाजवळील भाग, आणि खालच्या आखूड पाट्याचे टोक वरच्या पाट्यास जेथे घासते ती जागा, ही तडा जाण्याची मुख्य ठिकाणे होत.

तडा गेलेला पाटा, तसेच एकदशांशाहून अधिक जाडी गमावलेला पाटा, बाद समजावा. तडा वेल्डिंगने सांधणे हा सर्वांत घातक उपाय आहे. उष्णतेने सांध्याच्या कडेचे पोलाद ठिसूळ होते आणि पाटा पुन्हा तेथेच मोडतो. मुख्य पाटा मोडला तर आस जागेवरून सरकतो, आणि धावती गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही.

४. बाक पुन्हा देणे

नागपूर हे उत्तर–दक्षिण व पूर्व–पश्चिम राजमार्गांच्या संगमावर असल्याने ट्रकच्या कमानी दुरुस्त करणारे कारागीर येथे सहज भेटतात. प्रश्न असतो तो पद्धतीचा.

कमानीचे पोलाद सामान्यतः सिलिकॉन-मँगनीज जातीचे असते. ते सुमारे ८५० ते ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवितात व पुन्हा ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान तापवून त्याचा ठिसूळपणा घालवितात. भट्टीत पाटा लाल करून वाकविला व तसाच हवेत निवू दिला, तर तो मऊ पडतो आणि त्याचा बाक थोड्याच दिवसांत उतरतो. तोच पाण्यात विझविला, तर तो काचेसारखा मोडू शकतो. तापमानाचे नियंत्रण नसलेल्या भट्टीपासून म्हणून दूरच राहावे.

बाक थंड स्थितीतच, हायड्रॉलिक प्रेसवर, गोल कडेच्या ठोकळ्याने, थोड्याथोड्या अंतरावर लहान लहान दाब देऊन चढवावा. हातोड्याचे घाव टाळावेत. गाडीच्या भाराखाली पाट्याच्या वरच्या, म्हणजे अंतर्वक्र, पृष्ठावर ताण येतो, आणि त्याच पृष्ठावरील घावाची खूण पुढे तड्याचे मूळ ठरते.

येथे एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. थंड स्थितीत बाक वाढविला असता वरच्या पृष्ठात ताणाचे अवशिष्ट प्रतिबल राहते. भाराचा ताण त्यात मिळतो, आणि बाक लवकर उतरतो. यावर कारखान्यातील उपाय साध्या कार्यशाळेतही करता येतो : प्रथम हव्या त्या मापापेक्षा थोडा अधिक बाक द्यावा, आणि जोडलेली कमान नेहमीच्या भारापेक्षा अधिक दाबून काही वेळा सोडावी. जादा बाक उतरतो व कमान स्थिरावते, आणि वरच्या पृष्ठात हितकारक असे दाबाचे प्रतिबल निर्माण होते. पुढे भार पडल्यावर बाक उतरण्याची प्रवृत्ती त्यामुळे कमी होते. डाव्या व उजव्या कमानींचा बाक निर्मात्याने दिलेल्या मापांशी ताडून पाहावा.

५. जोडणी

पाट्यांमध्ये ग्रॅफाइटयुक्त ग्रीसचा पातळ थर द्यावा. सेंटर बोल्ट व बुश नवेच घालावेत. ताणून लांबलेले यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. जुन्या विलीज गाड्यांत शॅकलवर काही ठिकाणी डावे आटे असतात, याचे भान ठेवावे. रबरी बुशचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळावेत. आस लोंबत असताना ते आवळले तर रबर कायमचे पिळलेल्या स्थितीत राहते व लवकर फाटते. बाक वाढल्याने डोळ्यांमधील अंतर घटते व शॅकलचा कोन बदलतो. तसेच स्टिअरिंगच्या कोनातही फरक पडू शकतो. म्हणून दुरुस्तीनंतर चाकांची जुळणी तपासून घ्यावी, आणि काही दिवस गाडी चालवून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

६. निष्कर्ष

उपर्युक्त विवेचनावरून खर्चाचा क्रमही ठरतो. मोजमाप व स्वच्छता प्रथम. बुश, बोल्ट व ग्रीस त्यानंतर. प्रेसवर बाक देणे तिसरे. बाद ठरलेला एखादा पाटा बदलणे चौथे. आणि संपूर्ण नवी कमान शेवटी. धक्के कडक बसणे व स्टिअरिंग सैल वाटणे या तक्रारी पुष्कळदा दुसऱ्या पायरीवरच मिटतात. मात्र मुख्य पाटा सदोष असेल तेथे काटकसर करू नये, कारण त्याच्यावर प्रवाशांचा जीव अवलंबून असतो. पर्यटनाच्या गाड्या चालविणाऱ्यांस या कामासाठी पावसाळा सोयीचा आहे. त्या काळात व्याघ्रप्रकल्पांचा गाभा पर्यटकांस सामान्यतः बंद असतो, आणि गाड्या उभ्या असतात. हंगामाच्या आरंभी आसापासून सांगाड्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत नोंदविले, तर पुढील वर्षी बाक किती उतरला हे आकड्यांतच दिसेल, आणि दुरुस्तीचा निर्णय अंदाजावर सोडावा लागणार नाही.